व्होर्क्टाची व्होरेटा

प्रूफकाकांनी आयुष्यात एकच गुन्हा केला, आणि तोही शुद्धलेखनाच्या प्रेमापोटी. कस्टमच्या मोठ्या मॅडमनीसुद्धा हे मान्य केलं. पण ते नंतर. आधी त्यांनी काकांना, "कारखाना कुठे आहे तुमचा?" असं विचारलं होतं.

काका छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाल्यावर छापखाना सुटला, तपासणं सुटलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, वाण्याच्या पिशवीवरची जाहिरात, लिफ्टमधली सूचना, जे समोर येईल ते काका खिशातलं भिंग काढून वाचत. चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की बघणाऱ्याला वाटावं, यांना घरबसल्या बढती मिळाली. वाचलेल्याचा अर्थ काय, हे मात्र त्यांना कुणी विचारू नये. अर्थ बघणं हे लेखकाचं काम, आपलं नव्हे, असं ते स्वच्छ सांगत. पुढे जे रामायण घडलं ते या एका वाक्यामुळे घडलं.

मुलगी परदेशात नोकरीला होती. तिने आईबाबांना महिनाभर राहायला बोलावलं. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. काकू तर निघायच्या आधी आठवडाभर घरातल्या घरात पर्स खांद्याला लावून चालून बघत होत्या. पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मुलीने बजावलं, "आई, बाबा, मागच्या जुन्या बाजारात खुशाल फिरा, फोटो काढा. पण मोठ्या कंपनीची म्हणून जी वस्तू विकतात ना, तिला हात लावू नका. सगळं नकली असतं. परत जाताना कस्टमवाले पकडतात. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या सासऱ्यांना दिवसभर बसवून ठेवलं होतं."

"आम्हाला काय करायचंय नकली घेऊन?" काकू म्हणाल्या.

"दिवसभर?" काकांनी विचारलं. "त्यांना खायला काही दिलं का?"

मुलगी ऑफिसला गेली. कपबशा विसळून होताच काकू जुन्या बाजारात हजर होत्या, आणि काका त्यांच्या मागून, पाट्या वाचत.

आता काकूंची बाजू सांगायला हवी, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. काकूंना एक वहिनी होती, सख्ख्या भावाची बायको. ही वहिनी कुठूनही आली की सगळ्यांना काहीतरी भारी आणायची आणि देताना म्हणायची, "असू दे गं, साधंच आहे." त्या ‘साधंच’मध्ये काय काय भरलेलं असायचं ते काकूंनाच ठाऊक. शिवाय आपण काही दिलं की वहिनी एक भुवई वर करायची. फक्त एक, डावी. पंचवीस वर्षं काकू त्या भुवईखाली दिवस काढत होत्या. तेव्हा परदेशातून वहिनीसाठी एक झकास पर्स न्यायची आणि देताना म्हणायचं, "असू दे गं, साधंच आहे," एवढाच काकूंचा साधा बेत होता.

बाजारात ताडपत्रीखाली पर्सच पर्स टांगलेल्या होत्या. लाल, काळ्या, मधाच्या रंगाच्या. प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत जगातल्या बड्या बड्या कंपन्यांची नावं. काकूंच्या अंगात वारंच शिरलं. भाषा येत नव्हती, पण घासाघीस करायला भाषा कशाला लागते? दुकानदार बोटं दाखवी, काकू त्यातली दोन मिटवत. दुकानदार छातीवर हात ठेवून आभाळाकडे बघे, काकू पाठ फिरवून चार पावलं चालत. तो हाक मारी. काकू परत येत. दोघांनाही इतकी मजा येत होती की बघायला माणसं जमली.

"ओरिजिनल कॉपी, मॅडम! ओरिजिनल कॉपी!" दुकानदार ओरडला.

"हे दोन शब्द एका ठिकाणी येऊच शकत नाहीत," काका मराठीत म्हणाले. "मूळ असेल तर नक्कल नाही, नक्कल असेल तर मूळ नाही." दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं.

वहिनीसाठी मधाच्या रंगाची पर्स ठरली. मग काकूंच्या लक्षात आलं, वहिनीला दिली आणि थोरल्या जावेला नाही, असं कसं चालेल? जावेला दिली की नणंदा आल्याच. नणंदा दोन, पण धाकटीला सासूसमोर मिरवायला एक आणि सासूने पळवली तर दुसरी. मावसबहीण, समोरच्या ब्लॉकमधल्या बाई, योगाच्या वर्गातल्या दोघी... एकीच्या अकरा पर्स झाल्या. काकू घरी आल्या त्या लढाई जिंकून आल्यासारख्या, आणि अकराही पर्स मुलीच्या नजरेस पडू नयेत म्हणून पलंगाखाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी बाहेर पडताच काकूंनी माल पलंगावर मांडला. काकांनी सवयीने भिंग काढलं. एक पर्स जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"अहो, असं काय बघताय? झुरळ आहे का?"

"चूक आहे," काका कापऱ्या आवाजात म्हणाले.

अकराही पर्सवर एकाच कंपनीचं नाव होतं, व्होरेटा. पर्स करणाऱ्याने त्यातल्या ‘ई’ या इंग्रजी अक्षराच्या पोटातली आडवी रेघच गाळली होती. त्यामुळे ‘ई’चा झाला होता ‘सी’, आणि व्होरेटाची झाली होती व्होर्क्टा.

"व्होर्क्टा!" काका म्हणाले. "हे नाव आहे की खोकल्याची उबळ? आणि एकीवर नाही, अकराच्या अकरांवर! कुणी तपासलं नाही, कुणी वाचलं नाही, तसंच छापून मोकळे!"

"अहो, कोण भिंग घेऊन वाचतंय?" असं काकू म्हणाल्या खऱ्या, पण लगेच त्यांच्या डोळ्यांसमोर ती डावी भुवई आली. वहिनी वाचेल. वहिनी नक्की वाचेल. तिच्याकडे खरी व्होरेटा आहे, मागच्याच वर्षी सगळ्यांना दाखवून झाली.

काका उठले, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि बारीक टोकाचं सोनेरी पेन घेऊन आले. खिडकीशी टेबल ओढलं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पेन. श्वास रोखला. ‘सी’च्या पोटात एक रेघ ओढली, केसाएवढी, सरळ, जिथे सुरू व्हायला हवी तिथे सुरू आणि जिथे थांबायला हवी तिथे बंद.

काकूंनी वाकून पाहिलं. "अय्या!" त्या ओरडल्या. "अहो, अस्सल दिसतेय की!"

निवृत्तीनंतर काकांच्या कामाला ‘अय्या’ म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. ते असे काही फुलले की दुपारच्या आत दहा पर्स उरकल्या, अकरावीसाठी चहा पिऊन हात स्थिर केला, आणि सगळ्या रांगेत उभ्या करून दोघंही दारात जाऊन लांबून बघत राहिली. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम, ज्यात भांडण झालं नाही.

प्रश्न होता नेण्याचा. त्यासाठी काकांनी ‘जागतिक’ला फोन लावला. हा त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. तीनदा परदेशी जाऊन आला होता, आणि चौथ्यांदा जाणं होत नसल्यामुळे इतरांना सल्ले देऊन त्याची हौस भागवायचा.

"अकरा सारख्या वस्तू?" जागतिक फोनवरच हसला. "व्यापारी समजतील हो तुम्हाला! एक काम करा. एकीत एक घाला, म्हणजे जागा कमी. आणि प्रत्येक पर्स वापरातली वाटली पाहिजे. आत कंगवा टाका, रुमाल टाका. विचारलं तर बेधडक सांगायचं, आमच्या रोजच्या आहेत. घाबरायचं नाही. घाबरलेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो."

सल्ला काकूंना इतका पटला की त्यांनी अकरा कंगवे आणि अकरा रुमाल विकत आणले. रुमालांना वापरल्यासारख्या चुण्या पडाव्यात म्हणून काका दोन दिवस त्यांच्यावर बसले.

परतीचं विमान उतरलं. कस्टमकडे जाणाऱ्या लांबलचक वाटेवर भिंतीला एक मोठा फलक होता. काका त्याच्यासमोर थांबले, भिंग काढलं, वाचलं, "अरेरे" म्हणाले आणि पुढे निघाले. काकू घाबरायचं नाही असं स्वतःला बजावत इतक्या बेधडक चालल्या होत्या की ज्यांच्याकडे काहीच नसतं त्यांच्यासाठीच्या हिरव्या वाटेवरून जाताना त्यांनी उभ्या असलेल्या शिपायाला आपणहून सांगितलं, "आमच्याकडे काही नाही हं. सगळं रोजचंच आहे."

शिपायाने बॅग एक्स-रे मशीनवर ठेवायला सांगितली.

एकीत एक घातलेल्या पर्स पडद्यावर कांद्यासारख्या दिसल्या. पापुद्र्यात पापुद्रा, आणि प्रत्येक पापुद्र्यात एक कंगवा. मशीनवरचा तरुण अधिकारी पडद्याच्या इतका जवळ गेला की नाक टेकलं. मग त्याने पलीकडच्या खोलीकडे बघून हाक मारली, "मॅडम, जरा येता का?"

मॅडम आल्या. चष्मा डोक्यावर, हातात चहाचा कागदी पेला. त्यांनी एकेक पर्स बाहेर काढून स्टीलच्या टेबलावर मांडायला लावली. टेबल संपलं, पर्स संपल्या नाहीत.

"काकू, या सगळ्या तुमच्या?"

"रोजच्या," काकू म्हणाल्या. आवाज चिरकला.

"प्रत्येकीत कंगवा आहे."

"केस फार गळतात हो माझे."

मॅडमनी त्यांच्या केसांकडे पाहिलं, पर्सच्या रांगेकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. तेवढ्यात तरुण अधिकाऱ्याने काकांच्या खांद्यावरची पिशवी उपडी केली. सोनेरी पेन आणि पेन पुसायचं फडकं टेबलावर आलं. फडक्यावर सोनं चमकत होतं. मॅडमनी पेला खाली ठेवला आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

योगायोग असा की व्होरेटा कंपनीचा एक टायवाला माणूस त्याच आठवड्यात अधिकाऱ्यांना खरं-खोटं ओळखायला शिकवण्यासाठी तिथे आलेला होता. त्याला बोलावलं. त्याने मधाच्या रंगाची पर्स उचलली.

"शिवण बेकार," तो म्हणाला. "साखळी बेकार. अस्तर तर बघवत नाही. नक्कल आहे, आणि नक्कल म्हणूनही वाईट आहे." मग तो नावापाशी थांबला. नखाने घासून पाहिलं. दिव्याखाली नेलं. "पण हे अक्षर... ही मधली रेघ कुणी काढली? इतकी सफाई आमच्या मूळ पर्सवरसुद्धा नसते!"

"ती माझी," काका म्हणाले.

काकूंनी चिमटा काढला, पण उशीर झाला होता. महिनोन्‌महिने कौतुकाला आसुसलेला माणूस, त्याला कुठलं भान? "अकराही मीच केल्या," ते पुढे म्हणाले. "हात उचलायचा नाही, एका दमात ओढायची. आधी इथे ‘सी’ होता."

टायवाला एक पाऊल मागे सरकला. मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कारखाना कुठे आहे तुमचा?"

मग त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे दोन खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलामागे एक कारकून, जो दोन बोटांनी टंकलेखन करायचा. काकूंना रडू फुटलं आणि रडताना त्यांनी सगळं सांगून टाकलं: वहिनी, भुवई, योगाच्या वर्गातल्या दोघी, जागतिक, रुमालांवर बसलेले काका. मॅडम ऐकत होत्या. मध्येच त्यांना तोंडावर हात ठेवून खोकावं लागलं.

"काका, एक समजून घ्या," त्या शेवटी म्हणाल्या. "दिसायला सारखी केलेली नक्कल ही नक्कलच. ‘सी’ असता तरी मी हा माल सोडला नसता, जप्तच केला असता. पण मग तुम्ही फसलेलं गिऱ्हाईक ठरला असता. आता तुम्ही कारागीर ठरताय. दोन्हींत फार फरक आहे. बाहेर एवढा मोठा फलक लावलाय आम्ही, तो दिसला नाही?"

"दिसला ना! थांबून वाचला."

"काय लिहिलंय त्यावर?"

"तिसऱ्या ओळीत चूक आहे," काका उत्साहाने म्हणाले. "‘कडक कार्यवाही’ लिहिलंय. तिथे ‘कारवाई’ हवं. कार्यवाही म्हणजे कामकाज पार पाडणं. कारवाई म्हणजे..."

"कशाबद्दलची कारवाई?"

काकांनी कपाळ चोळलं. खूप आठवून पाहिलं. "ते नाही लक्षात आलं," ते म्हणाले.

"बनावट वस्तू आणणाऱ्यांवरची," मॅडम म्हणाल्या. "मग सांगा, तुमच्यावर आता कुठली करू? कार्यवाही की कारवाई?"

इतक्या वर्षांत काकांना शब्दाच्या बाबतीत कुणी निरुत्तर केलं नव्हतं. ते खुर्चीत एवढेसे झाले. पर्स गेल्याचं दुःख नव्हतं. पण आपण एवढा फलक वाचला आणि वाचला नाहीच, हे त्यांना फार लागलं.

मॅडमचा राग तोवर ओसरला असावा. "जबाब लिहून घ्या," त्यांनी कारकुनाला सांगितलं. "माल जप्त, नष्ट करायचा. यांना समज देऊन सोडा." आणि त्या दुसऱ्या कुणाची तरी बॅग बघायला बाहेर गेल्या.

कारकुनाने टकटक करत जबाब तयार केला आणि पुढे सरकवला. "करा सही. मग मोकळे तुम्ही."

काकूंनी पदराने डोळे पुसले, पेन काकांच्या हातात कोंबलं. काकांनी भिंग काढलं.

"अहो, नाही!" काकू म्हणाल्या. "हात जोडते. आज नका वाचू. सही करा आणि चला."

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही. मी अपराधी असेन, अशुद्ध नाही." आणि ते सुरुवातीपासून लागले. "‘कुटूंब’ चुकलंय, टु ऱ्हस्व. ‘तपासणि’? णी दीर्घ. इथे स्वल्पविराम. इथला काढा."

"आजोबा," कारकून दात-ओठ खात म्हणाला, "मागे रांग आहे. काना-मात्रेने काही बिघडत नाही. सही करा."

"अहो, करा!" काकू.

"थांबा. इथे एक अक्षर चुकलंय." काकांनी बोट ठेवलं. "‘सदर पर्स विक्रीसाठी असून नातेवाइकांना भेट देण्यासाठी आणल्या आहेत.’ हे वाक्य लंगडतंय. ‘असून’ नाही, ‘नसून’ हवं."

"चालतं हो तेवढं!"

"काय चालतं?" मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा बदलला. "विक्रीसाठी असून," त्या कारकुनाकडे बघत म्हणाल्या. "यावर सही झाली असती ना, तर यांना समज देऊन सोडणं माझ्याही हातात राहिलं नसतं. विक्रीसाठी बनावट माल! काका, तुम्हाला कळतंय का, तुम्ही कशातून वाचलात?"

काकांना ते आत्ता कळलं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, या वेळी अर्थासकट. भिंग हातातून निसटून टेबलावर पडलं. काकूंनी ते उचललं, पदराने स्वच्छ पुसलं आणि त्यांच्या हातात परत दिलं. "वाचा," त्या म्हणाल्या. "अगदी सावकाश वाचा. पहिल्यापासून."

कारकुनाने जबाब तीनदा नव्याने केला. चौथ्या प्रतीवर काकांनी सही केली. अकरा पर्स एका पोत्यात गेल्या, पोत्याला सील लागलं. कंगवे आणि रुमाल जप्तीत बसत नव्हते. ते एका पिशवीत घालून परत मिळाले.

टॅक्सीत काकू कंगव्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. पंचवीस वर्षांचा बेत पोत्यात गेला होता. आणि घरी पोहोचून कुलूप उघडतायत तोवर वहिनीचा फोन, "उद्या येतोय हं सगळे! काय काय आणलंस ते बघायला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. वहिनी, जाऊ, दोघी नणंदा; वरून जागतिकही उतरला, आपल्या सल्ल्याचं चीज झालेलं बघायला. वहिनी मधल्या खुर्चीवर बसली. खांद्याला खरी व्होरेटा.

"दाखव तर," ती म्हणाली.

काकूंनी सगळ्यांकडे पाहिलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं त्यांना, सामान मागून येतंय वगैरे. पण आदल्या दिवसाचं सगळं मनात असं साठलं होतं की तेच बाहेर पडलं. "दाखवायला काही नाही गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला पकडलं."

"काय?" चार बायका एकदम म्हणाल्या. जागतिकने दाराकडे पाहिलं.

आणि काकू सांगू लागल्या. सुरुवातीला चाचरत, मग रंगत. दुकानदाराची बोटं, कांद्यासारखा एक्स-रे, केस गळतात हो माझे, टायवाला. जाऊ हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. धाकटी नणंद "थांब, थांब, कारखाना कुठे म्हणाल्या? परत सांग" म्हणत टाळ्या वाजवू लागली. वहिनीच्या हातातला चहा गार झाला, साय धरली, तिला पत्ता नव्हता. काकू उभ्या राहूनच बोलत होत्या, गाल लाल झालेले, मॅडमचा आवाज काढून दाखवत होत्या. इतकी वर्षं ज्या घरात त्यांचं वाक्य कुणीतरी अर्ध्यात तोडायचं, तिथे आज कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"आणि त्या खोलीच्या दारात," काकू म्हणाल्या, हात कमरेच्या वर नेत, "एवढा मोठा कुत्रा! हुंगतोय, गुरगुरतोय..."

"कुत्रा नव्हता," काका म्हणाले.

सवयच ती. तोंडातून निघून गेलं. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. काकूंचा हात हवेतच राहिला. वहिनीची डावी भुवई हलली, वर जायला निघाली.

काकांनी त्या भुवईकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"कुत्रा एक नव्हता म्हणतोय मी," ते म्हणाले. "दोन होते."

"अगं बाई! दोन?" वहिनी खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "मग गं? मग पुढे काय झालं?"